रिकामा आवंढा

डॉक्टरांनी नाकातली बारीक नळी हळूच बाहेर ओढली, तरी तिने डोळे मिटलेलेच ठेवले. जे काय ऐकायचं ते अंधारातच ऐकावं, असं तिने येतानाच ठरवलं होतं.

"उघडा डोळे. काही नाही," डॉक्टर म्हणाले. "गाठ नाही, सूज नाही, व्रण नाही."

"पण गिळताना अडकतं हो. बटणाएवढं काहीतरी. इथं."

"जेवताना?"

तिने आठवून पाहिलं. "जेवताना नाही. एरवीच."

"आम्लपित्ताने होतं असं. थायरॉईडने होतं, मानेचे स्नायू आखडले तरी होतं. तुमच्या बाकीच्या तपासण्या तर चांगल्या आहेत. कसली काळजी लागून राहिली आहे का?"

"काळजी ही काय, चाकं लावून आणली आहे सोबत," दारातून नणंद म्हणाली. तिच्या पुढ्यात चाकांच्या खुर्चीत भाऊ बसला होता. घरी त्याच्याजवळ थांबायला कोणी नव्हतं, म्हणून त्यालाही आणावं लागलं होतं. बहिणीचं बोलणं ऐकून त्याचा अर्धा चेहरा हसला. उरलेला अर्धा पक्षाघातानंतर हसत नसे.

डॉक्टर हातमोजे काढत होते. "तोंडात काही नसताना रिकामं गिळायची सवय आहे का?"

"नाही."

"नाही काय, वहिनी? डॉक्टर, दिवसभर तेच करते ही. दादाच्या तोंडात चमचा गेला की आधी हीच गिळते. हिचा गळा हलला की मग त्याचा घास खाली उतरतो. तो आजारी पडल्यापासून असंच चाललंय."

तिला हे आजच कळत होतं. बाळाला भरवताना आई स्वतःही आ करते, पण तिला ते कुठे ठाऊक असतं?

"रिकामं गिळून गिळून घसा थकतो," डॉक्टर म्हणाले. "मग काही अडकल्यासारखं वाटतं, आणि तसं वाटतं म्हणून माणूस पुन्हा गिळतो. ते थांबवल्याशिवाय आराम पडायचा नाही."

"मग हे जेवणार कसे?"

"थोडे दिवस दुसऱ्या कोणी भरवावं. आणि आता तासभर पाण्याचा थेंबसुद्धा घेऊ नका. घसा बधिर केलाय, ठसका लागेल."

बाहेर दोघी बाकावर बसल्या, त्याची खुर्ची समोर लावली. त्याची जेवायची वेळ झाली होती. ती टळली की तो पेंगायला लागे आणि मग संध्याकाळपर्यंत तोंड उघडत नसे. नणंदेने डबा उघडला, भोपळ्याचं दाट सूप ढवळलं.

"तू भिंतीकडे तोंड करून बस, वहिनी."

"नाही गिळणार हो ते, वन्सं."

"बस म्हटलं ना."

ती वळून बसली. भिंतीवर कानाच्या आतल्या भागाचं मोठं चित्र होतं. आपल्याला गाठीचा तो आजार निघाला तर ह्यांना कोण भरवेल, या एका विचाराने तिने अख्खा महिना अंथरुणात कूस बदलत काढला होता. आजार नव्हता. प्रश्न होता तिथेच होता.

"आ कर, दादा. हं. आता गीळ."

मागे सगळं शांत झालं.

"गीळ रे. माझ्याकडे बघ. तिच्या पाठीत काय आहे एवढं बघण्यासारखं?"

तिचा गळा आपोआप वर सरकायला लागला. तिने तो हाताने दाबून धरला.

"एके काळी वहिनी वाढून मागे वळेपर्यंत हा हात धुवायला उठलेला असायचा," नणंद जणू चित्रातल्या कानाला सांगत होती. "तिने काय खाल्लं, खाल्लं तरी का, कधी मान वर करून पाहिलंस का रे? आणि आता नखरे बघा. मी काही हलायची नाही इथून. बैस तोंडात धरून."

बराच वेळ गेला. मग एक जड, ओला आवाज आला.

"गेला! वहिनी, गेला गं."

मग दुसरा गेला. तिसऱ्याला वेळ लागला, पण तोही गेला. शेवटी चमचा डब्याच्या तळाला घासू लागला, तेव्हा तिने गळ्यावरचा हात काढला आणि ती वळून बसली. आनंद व्हायला हवा होता. तिला फक्त फार दमल्यासारखं झालं. ओझं खाली ठेवल्यावरच खांदे दुखायला लागतात, तसं.

तास उलटून गेल्यावर नणंदेने तिच्या हातात ब्रेडचा तुकडा दिला. "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या. खाऊन घे. मी डबा विसळून आणते, मग निघू."

तिने घास तोडला, सावकाश चावला. घसा अजून दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा वाटत होता. घास जिभेवर तसाच राहिला. ठसका लागला तर, असं एकदा मनात आलं, आणि मग गिळतात कसं तेच आठवेना. जन्मभर न शिकता केलेली गोष्ट, आता कोणाला विचारणार? ती तोंड मिटून नुसती बसून राहिली.

समोर खुर्चीत तो बसला होता. पेंगत नव्हता. तिच्या फुगलेल्या गालाकडे बघत होता.

त्याने आपलं वाकडं तोंड प्रयासाने मिटलं. हनुवटी जरा खाली घेतली. तोंडात काही नव्हतं, तरी त्याचा कंठ हळूहळू वर चढला, थरथरला आणि खाली उतरला.

मग तिच्या गळ्यावर नजर लावून तो वाट बघत राहिला.