शब्दन्‌शब्द

"तुझं डावं चाक गळून पडलंय," कंट्रोलरकाका माइकमध्ये सावकाश म्हणाले. इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. "उडताना निखळलं. मला इथून दिसतंय. कळलं का?"

"डावं चाक गळून पडलंय. उडताना निखळलं. कळलं," वरून आवाज आला.

टॉवरच्या काचेपलीकडे छोटं विमान घिरट्या घालत होतं. आत हसरा एकटाच. परदेशातून विमान चालवायला शिकायला आलेला हा पोरगा कुठल्याही प्रश्नाला आधी हसायचा, म्हणून सगळे त्याला हसराच म्हणत. आज तो पहिल्यांदाच शिक्षकाशिवाय उडाला होता. त्याचं कौतुक करायला फ्लाइंग स्कूलचे साहेब पुष्पगुच्छ घेऊन टॉवरवर आले होते आणि त्यांच्यामागे इंग्रजीची तोंडी परीक्षा घेणाऱ्या बाई.

"काय छातीचा पोरगा आहे!" काका म्हणाले. "ह्याच्या आवाजात कंप म्हणून नाही."

तो कंप का नाही, हे बाईंना माहीत होतं.

टॉवरने सांगितलेलं वैमानिकाने जसंच्या तसं परत म्हणायचं, ही हवेतली रीत. ऐकण्यात चूक झाली तर तिथल्या तिथे पकडता यावी म्हणून. हसऱ्याच्या ती अंगात भिनली होती. कुणी काहीही म्हणो, तो मागून झील ओढायचा. स्वच्छ, सुरात. अर्थ बिचारा दाराबाहेर उभा.

पहिल्या परीक्षेत बाईंनी विचारलं होतं, "विमानात धूर दिसला तर काय करशील?"

"विमानात धूर दिसला तर काय करशील," तो हसून म्हणाला होता.

बाईंनी त्याला नापास केलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून घेतलं. "बाई, त्याच्या देशातून पोरं यायची थांबली तर आपल्या दाराला कुलूप लागेल. आणि कुलपाबाहेर पहिल्या तुम्ही असाल." तेव्हा बाईंनी परीक्षाच बदलली. आपण वाक्य म्हणायचं, त्याने ते परत म्हणायचं. शब्दन्‌शब्द बरोबर आला. पास.

"आता नीट ऐक," काका माइकमध्ये म्हणत होते. "उजव्या चाकावर टेक. डावा पंख शेवटपर्यंत वर उचलून धर."

"उजव्या चाकावर टेक. डावा पंख शेवटपर्यंत वर उचलून धर. कळलं."

काकांनी माइक बंद केला, कपाळ पुसलं आणि खुर्ची मागे वळवली.

"बाई, ह्याची परीक्षा तुम्हीच घेतलीत ना? मग सांगा, पोराला समजतंय ना सगळं? जराही शंका असेल तर आत्ता बोला. त्याच्या भाषेचा तो उंच पोरगा खाली कॅन्टीनपाशी उभा आहे. त्याला वर आणू, तो समजावून सांगेल. इंधन भरपूर आहे. काही घाई नाही आपल्याला."

उंच पोरगा बाईंना काचेतून दिसत होता. चाकाचं त्याला काहीच माहीत नव्हतं. आकाशाकडे बघून तो मित्राला दोन्ही हात हलवत होता.

बाईंनी तोंड उघडलं. पण साहेब आधी बोलले.

"समजतंय त्याला. परीक्षा पास आहे तो."

"साहेब, मला बाईंच्या तोंडून ऐकायचंय."

साहेबांनी पुष्पगुच्छ ह्या हातातून त्या हातात घेतला आणि बाईंकडे बघितलं. नुसतं बघितलं.

"समजतंय त्याला," बाई म्हणाल्या. "परीक्षा पास आहे तो."

शब्दन्‌शब्द बरोबर आला.

काकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," म्हणत त्यांनी अग्निशमनवाल्यांना धावपट्टीलगत उभं केलं आणि हसऱ्याला उतरायची परवानगी दिली. विमान वळलं, पट्टीच्या रेषेत आलं. खाली, आणखी खाली. रोज उतरायचं तसंच. डावा पंख उजव्या पंखाच्या बरोबरीने, काडीचाही वर नाही.

"आता उचलेल," काका पुटपुटले. "टेकता टेकता उचलेल."

बाईंनी काचेकडे पाठ केली.

विमान कुंपण ओलांडून आत आलं. तेव्हा काकांना राहवलं नाही. त्यांनी माइक ओठांशी नेला आणि पोटच्या पोराला म्हणावं तसं म्हणाले, "देव तुझ्या पाठीशी आहे, बाळा. घाबरू नकोस."

खरखर झाली. मग वरून तोच स्वच्छ, हसरा आवाज आला.

"देव तुझ्या पाठीशी आहे, बाळा. घाबरू नकोस. कळलं."