गाजराचा वाफा

काल संध्याकाळी दिसलेले कोंब आज सकाळी नव्हते. थोरला वाफ्याशी उकिडवा बसला आणि चष्मा सारखा करून मातीकडे टक लावून पाहू लागला. मातीत बोटाच्या टोकाएवढी भोकं होती, एका ओळीत, सरळ. उंदीर इतका शिस्तीत खणत नाही.

संशय घ्यायला त्याला लांब जावं लागलं नाही. भिंतीपलीकडे धाकटा राहत होता.

बापाच्या घराची वाटणी झाली होती, मागचं परसदार तेवढं सामाईक राहिलं होतं. चार वर्षं दोघा भावांत बोलणं नव्हतं. कारण बापाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. थोरल्याची बोटं जाड, म्हणून बापाने ते कसब धाकट्याला शिकवलं आणि दुकानही त्यालाच दिलं. थोरल्याचा जन्म गेला पाणीपुरवठ्याचे व्हॉल्व्ह फिरवण्यात. त्याचं आपल्याला काही वाटलं नाही, असं तो न विचारता सांगत असे. पण धाकट्याने एक दिवस चालतं दुकान बंद केलं, बापाची हत्यारं कुणा परक्याच्या हवाली केली आणि दारात खुर्ची टाकून बसू लागला. का, तर म्हणे कंटाळा आला. तेव्हा थोरल्याने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला. ऐतखाऊ म्हणाला, बापाचं नाव बुडवलंस म्हणाला. धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. उलटून बोलला असता तर थोरल्याचा राग निम्मा तरी उतरला असता.

आणि आता हे गाजर. पहिल्या खेपेला काही आलं नाही तेव्हा थोरल्याने दोष स्वतःला दिला. बी खोल गेलं असेल, वर मातीची खपली धरली असेल. दुसऱ्या खेपेला त्याने माती चाळून घेतली, बारीक बी कोरड्या वाळूत मिसळून पेरलं, वर मातीचा नुसता हात फिरवला आणि ओलं गोणपाट अंथरलं. सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी शिंपडलं. कंबर इतकी धरली की उठताना तो जोरात कण्हायचा. बाराव्या दिवशी केसासारखे हिरवे कोंब दिसले, म्हणून त्याने गोणपाट काढलं. चार दिवसांत वाफा बोडका. तिसऱ्या खेपेलाही तेच. रोज थोडे कोंब वर यायचे आणि दुसऱ्या दिवशी नाहीसे व्हायचे. शेजारच्या वाफ्यातला पालक मात्र, रात्रभर भिजवून पेरलेला, चांगला तरारला होता. गोगलगाय असती तर तिने आधी पालकावर ताव मारला असता.

बायको म्हणाली, सोडा आता, गाजरं बाजारात मिळतात. तो म्हणाला, प्रश्न गाजराचा नाही, त्या माणसाला माझं काही उगवलेलं बघवत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो पाण्याच्या पिंपामागे जाऊन बसला. फटफटायला लागलं तसं पलीकडचं दार वाजलं. धाकटा अनवाणी आला, वाफ्याशी गुडघे टेकून बसला आणि बोटांनी माती चाचपू लागला. एक कोंब उपटला, मग दुसरा. थोरल्याच्या डोक्यात तिडीक गेली. तो धावून गेला आणि त्याने धाकट्याचं मनगट पिरगाळलं.

"आज सापडलास. काय आहे मुठीत?"

धाकटा दचकला, पण त्याने हात सोडवून घेतला नाही. मूठ उघडून म्हणाला, "गवत. रोज काढतोय, तरी संपत नाही. तू वाकलास की भिंतीतून कण्हणं ऐकू येतं मला."

तळहातावर गाजराचे आठ-दहा कोंब होते, दोन-दोन बारीक पानांचे. थोरल्याने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टेचं नाव नव्हतं. धाकटा त्याच्याशी बोलत होता, पण बघत होता त्याच्या कानाच्या बाजूला. केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवणारा हा माणूस. थोरल्याच्या हातातलं मनगट आपोआप सुटलं.

"कधीपासून दिसत नाही?" त्याने विचारलं.

धाकट्याने कोंब पुन्हा मुठीत घेतले. मग हळूहळू सांगितलं. जिथे बघावं तिथेच डाग येतो, कडेचं तेवढं दिसतं. चालता येतं, पालकाची रुंद पानं कळतात, घड्याळाचे काटे नाही कळत. दुकान बंद करायच्या आधीच डॉक्टरांनी सांगितलं होतं की आहे तेवढं राहिलं तरी नशीब समज.

चार वर्षं. चारचौघांतलं आपलं एकेक वाक्य थोरल्याला आठवलं.

"मग तेव्हा का नाही बोललास? मी इतकं बोललो तुला."

"म्हणूनच," धाकटा म्हणाला. "माझ्या घरातले सगळे दारापर्यंत हात धरून सोडायला लागले होते. तू एकटा माझ्याशी धडधाकट माणसासारखा भांडत होतास."

धाकटा उठायला लागला. थोरल्याने आधार द्यायला हात पुढे केला होता. तो त्याने मागे घेतला आणि पाठीशी नेऊन घट्ट धरला. मग सगळी गल्ली जागी होईल अशा आवाजात तो कडाडला.

"गाढवा, गाजर उपटलंस माझं सगळं! आता उद्या सकाळी येऊन वाफा खणून दे, नाहीतर याद राख!"

"नाही देत, जा," धाकटाही तितक्याच जोरात ओरडला, आणि सकाळी थोरला यायच्या आत त्याने अर्धा वाफा खणून ठेवला होता.