अकरा मिनिटं, एकही कट नाही

"तो घर आवरायला लागला की मला फोन कर," कात्रीची बहीण तिला एकदा म्हणाली होती. "पसारा आहे तोवर काळजी नाही."

तिने ते हसण्यावारी नेलं होतं. "घर आवरणारा भाऊ मिळालाय आणि वर तक्रार करताय, ताई? आमच्याकडे पाठवा आठ दिवस, आमच्या ह्यांना शिकवेल!"

कात्री म्हणजे फिल्म क्लबातला संकलक. चार सेकंदांहून लांब शॉट दिसला की त्याचे हात शिवशिवायचे, म्हणून हे नाव. तो फिल्म कापायचा, ती खालची उपशीर्षकं लिहायची. पाच वर्षं एकाच टेबलावर.

आज क्लबात आजवरच्या सर्वश्रेष्ठ दहा लघुपटांची आणि प्रयोगपटांची यादी पक्की व्हायची होती. क्लब चालवणाऱ्या मास्तरांचे दोन नियम. यादी होईपर्यंत सगळ्यांचे फोन खणात, किल्ली मास्तरांच्या खिशात. आणि फिल्मचा अर्थ फिल्मलाच विचारायचा, करणाऱ्याला नाही. सकाळपासून कीस पाडून नऊ नावं ठरली होती. दहाव्यावरून मास्तर आणि समीक्षक हातघाईवर आले होते.

"मेणबत्ती विझेपर्यंत नुसती मेणबत्ती," मास्तर म्हणाले. "सहा मिनिटं. त्यापुढे सिनेमा गेलेलाच नाही."

"वीज गेली की आम्ही घरी तेच बघतो, मास्तर," समीक्षक म्हणाला. "प्रयोग बघायचाय ना? मग कात्रीची बघा. सकाळी पाठवलीय, क्लबाच्या फेसबुक पानावर टाकलीसुद्धा मी."

त्याने फिल्म लावली. झोपलेल्या लेकीला खांद्यावर घेऊन ती भिंतीपाशी उभी राहिली.

कॅमेरा एका जागी. कात्रीची खोली. कात्रीने शर्टांच्या घड्या घातल्या. फ्रिज रिकामा केला, पुसला, प्लग काढला, दार उघडंच ठेवलं. लोकांकडून आणलेल्या पुस्तकांचे गठ्ठे लावले आणि प्रत्येकावर चिठ्ठी ठेवली. मास्तर. समीक्षक. मग त्याचा जुना कॅमेरा कापडात गुंडाळला. त्यावरची चिठ्ठीही वाचता येत होती : पिल्लू, मोठी झाल्यावर. तिच्या लेकीला पिल्लू फक्त तोच म्हणायचा. नंतर तो आतल्या खोलीत गेला. दार लागलं. पुढची तीन मिनिटं नुसती खोली.

"बघितलंत?" समीक्षक टाळ्या वाजवत उठला. "माणसाशिवायची तीन मिनिटं! आणि कात्रीने, आपल्या कात्रीने, एकदाही कापलं नाही!"

"शेवट लांबलाय," मास्तर म्हणाले. "पण धाडस आहे. मानलं."

"मास्तर, फोन द्या माझा," ती म्हणाली.

"यादी झाल्यावर."

"ही फिल्म नाहीये, मास्तर."

"तेच तर म्हणतोय मी!" समीक्षक म्हणाला. "फिल्म नसणं हाच तर तिचा..."

"अहो, तो निरवानिरव करतोय! ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला देतोय. दिसत नाही तुम्हाला?"

समीक्षक हसला. "आई झाल्यापासून तुला प्रत्येक जिन्यावरून कोणीतरी पडताना दिसतं बाई. जरा कला म्हणून बघ."

"उद्या येईलच तो," मास्तर म्हणाले. "मग विचार. आत्ता नियम म्हणजे नियम."

तिने लेकीला एका हातावर घेतलं आणि दुसऱ्या हाताने खणाला हिसका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खण कुलपासकट बाहेर आला, फोन जमिनीवर पसरले. लेक दचकून उठली आणि तिने भोकाड पसरलं. मास्तर उठले, पण पुढे आले नाहीत. पडद्यावर थांबलेल्या चित्रात त्यांच्या नावाची चिठ्ठी होती. हातात किल्ली घेऊन ते तिच्याकडे बघत राहिले.

कात्रीचा फोन बंद होता. तिने जिन्यावरूनच ताईला लावला. ताई दुसऱ्या गावात.

"ताई, तो आवरतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज. मग, "कधीपासून?"

तिने पानावरची वेळ बघितली. फिल्म आठ वाजून दहा मिनिटांनी आलेली. आता दीड वाजला होता.

"कधीपासून, सांग ना गं!"

ताई पोलिसांना कळवते म्हणाली. शेजाऱ्यांचा नंबर दोघींकडेही नव्हता. ती टॅक्सीत बसली. पाचव्या मिनिटाला टॅक्सी थांबली. रस्ता खणून ठेवलेला, पुढे मागे नुसत्या गाड्या. "चालत गेलात तरी अर्धा तास, मॅडम. त्यात बाळ," चालक म्हणाला. लेक रडून रडून लाल झाली होती.

तिने क्लबाचं पान उघडलं. फिल्मखाली एकशे बारा जणांनी लिहिलं होतं. अजरामर. शेवटची तीन मिनिटं म्हणजे निव्वळ कविता. दहावी नाही, पहिली. म्हणजे एकशे बारा माणसं आत्ता, या घटकेला, फोन हातात घेऊन बसली होती. त्यांतलं कोणीतरी त्याच्या जवळपास असेलच. तिने एका हाताने दार उघडलं, लेकीला कडेवर घेतलं आणि गाड्यांमधून वाट काढत, चालता चालता, अंगठ्याने लिहायला घेतलं :

"हे वाचणारे तुम्ही कोणीही असा. जुन्या छापखान्यामागची पिवळी इमारत, दुसरा मजला, डावीकडचं दार. बेल बिघडलीय, दार वाजवा. उघडलं नाही तर शेजाऱ्यांना गोळा करा, वाट बघत बसू नका. उघडलं तर आत जाऊन बसा. पाणी मागा, काहीही मागा, पण मी येईपर्यंत उठू नका. आणि हात जोडते, फिल्म छान झालीय असं त्याला सांगू नका."