सात दिवसांची बेरीज

पाचला दहा मिनिटं उरली, तरी केळशीकर सरांच्या पडद्यावर 'प्रतीक्षेत' हाच शब्द होता. महासंगणकाच्या प्रशिक्षणातला सराव साधा होता: त्याच्याकडून दोन आकड्यांची बेरीज करून घ्यायची. बाकीचे संशोधक ती उरकून चहाला गेले होते. पाचपर्यंत बेरीज आली नाही तर महासंगणक वापरायचं खातं मिळणार नव्हतं, आणि खात्याशिवाय सरांचं पुराचं गणित पावसाळ्याआधी होणार नव्हतं.

शिकवणाऱ्या नूपुरने त्यांची मागणी उघडली. "सर, दोन आकड्यांना पाचशे प्रोसेसर? सात दिवस?"

"लागले तर? आमच्या विद्यापीठात दहा मागावे, तेव्हा दोन पदरात पडतात."

"इथे मागाल तेवढंच मिळतं. पाचशे मोकळे होईपर्यंत तुम्ही रांगेत. थोडं मागणारे मधल्या फटीतून आत जातात."

सर हसले. "आमची ही गेली, त्याला दीड वर्ष झालं. एसटीत ती अशीच शिरायची. मी मात्र दोन जागा शेजारी मिळाव्यात म्हणून गाड्या सोडत बसायचो."

"मग आज काकूंसारखं करा. ही मागणी रद्द करून नवी भरा."

सरांनी वेळ एक मिनिट भरली. प्रोसेसर दोन लिहिले.

"एकात भागेल, सर."

"भागवतोच आहे," म्हणत त्यांनी दोन खोडून एक केला.

त्यांनी कळ दाबली आणि बोट उचलायच्या आत उत्तर आलं. सरांनी खिशातून पेन काढलं, तीच बेरीज हातावर करून पाहिली आणि मगच खात्याच्या अर्जावर सही केली.