खिशावरचं नाव

पारखी काकांनी निळ्या कोटाचा खिसा भिंगाखाली धरला, तसा जावयाचा जीव टांगणीला लागला. दिवाणखान्यात जमलेले पाहुणे पुढे झुकले. काकांनी खिशावरून अंगठा फिरवला, भिंग खाली ठेवलं आणि मान डोलावली. कोट अस्सल होता.

जावयाला आकाश ठेंगणं झालं. बुडालेल्या आणि बदनाम झालेल्या कंपन्यांच्या वस्तू जमवायचा त्याला नाद होता. ठेवी घेऊन पसार झालेल्या बँकेचं भिंतीवरचं घड्याळ, कायमच्या जमिनीवर बसलेल्या विमान कंपनीच्या छत्र्या, इमारत कोसळली त्या बिल्डरचे कॉफीचे मग, सगळं एका काचेच्या कपाटात सुखानं नांदत होतं. त्याची बायको त्याला ‘बुडीत कपाट’ म्हणायची आणि पाहुणे आले की त्यावर चादर टाकायची. आज मात्र पाहुणे आले होते ते कपाटच बघायला. या छंदात काकांचा शब्द शेवटचा. त्यांनी नकली ठरवलेली वस्तू कोणी फुकटातही उचलत नसे.

सासूबाई खिडकीपाशी वाटाणे सोलत बसल्या होत्या. तो कोट कोणत्या कंपनीचा, हे त्यांनी नुसत्या बटणांवरून ओळखलं होतं. तान्ह्या मुलांसाठी दुधाची पावडर बनवणारी ती कंपनी. पावडरमध्ये भेसळ निघाली, कितीतरी मुलं आजारी पडली आणि कारखान्याला टाळं लागलं. तिथल्या पॅकिंग खात्यात सासूबाईंची उमेदीची वर्षं गेली होती. जावयाला याचा पत्ता नव्हता. आई शाळेत नोकरीला होती, असं लेकीनं लग्नाआधी ठोकून दिलं होतं आणि आईकडून गप्प राहण्याचं वचन घेतलं होतं. तिच्या संसारात मिठाचा खडा पडू नये म्हणून सासूबाईंनी ते पाळलंही होतं.

काका आता रंगात आले होते. या कोटाची ओळख अगदी सोपी, ते सांगू लागले. खिशावर सुईची भोकं दिसतात का, तेवढं पाहायचं. भेसळीची बातमी फुटल्यावर लोक कामगारांना रस्त्यात अडवू लागले. कोट चांगला उबदार, टाकवत नव्हता. मग सगळ्यांनी ब्लेडनं खिशावरचं नाव उसवलं आणि कोट वापरत राहिले. म्हणून ज्या कोटावर नाव शाबूत आहे, तो नंतर कोणीतरी विकायला बनवलेला, हे डोळे झाकून सांगावं.

“त्या नावानिशी लोकांसमोर उभं राहायची छाती एकाचीही झाली नाही,” काका म्हणाले. “सगळ्यांनी काढता पाय घेतला.”

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी गप्प बसायचं कबूल केलं होतं, पळपुटी म्हणवून घ्यायचं नव्हे. लेक चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. आईचा चेहरा पाहताच तिनं डोळ्यांनीच नको नको म्हणून विनवलं. सासूबाईंनी वाटाण्यांची परात बाजूला सारली आणि त्या आपल्या खोलीत गेल्या.

परत आल्या त्या अंगात निळा कोट घालून. कोपरं विरली होती आणि बटणं आता पोटावर लागत नव्हती. खिशावर मात्र कंपनीचं नाव ठसठशीत होतं, लाल दोऱ्याचं, जरासं वाकडं.

जावई आ वासून बघत राहिला. काकांनी उठून भिंग लावलं. त्यांना फार वेळ लागला नाही.

“ताई, रागावू नका, पण तुम्हाला कोणीतरी गंडवलंय. मूळ नाव मशीनवरचं, पांढऱ्या दोऱ्याचं. हे नंतर हातानं शिवलंय. नकली आहे.”

“कोर्टात कंपनीचा वकीलही हेच म्हणाला होता,” सासूबाई म्हणाल्या.

आवाज न चढवता त्यांनी सगळं सांगितलं. खराब म्हणून परत आलेली पावडर नव्या डब्यांत भरली जात होती, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. ते सांगायला त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या, तेव्हा वकील म्हणाला की ही बाई आमच्याकडे कधी नव्हतीच, कोटही नकली आहे. न्यायाधीशांनी कोट मागून घेतला आणि खिसा उलटा करून पाहिला होता.

काकांनीही खिसा उलटा केला. लाल टाक्यांच्या आजूबाजूला जुन्या शिवणीची भोकं स्वच्छ दिसत होती. त्यांनी भिंग बाजूला ठेवलं. मग त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, आधीचं नाव उसवलं होतं कोणी?

यावर मात्र सासूबाई गप्प झाल्या. इतक्या वर्षांत त्यावरून त्या कोणाला एका शब्दानं बोलल्या नव्हत्या.

लेकीनं ट्रे टेबलावर ठेवला. “मी उसवलं. शाळेत सगळे मला विषवालीची मुलगी म्हणायचे. आई झोपली होती तेव्हा ब्लेड घेऊन बसले. दुसऱ्या दिवशी तिची साक्ष होती. घरात लाल दोराच होता, त्यानंच तिनं पुन्हा शिवलं.” मग ती नवऱ्याकडे वळली. “माझी आई कुठल्याही शाळेत नव्हती. ती तिथे होती.” आणि पुढे होऊन तिनं आईची दुमडलेली कॉलर सरळ केली.

जावयानं कपाट उघडलं, मगाशी अस्सल ठरलेला आपला कोट कोपऱ्यात सरकवला आणि मधला हँगर मोकळा करून हात पुढे केला. “आई, ही जागा तुमच्या कोटाची.”

सासूबाई कोट न काढताच खिडकीपाशी जाऊन बसल्या आणि त्यांनी परात मांडीवर ओढली.

“तिथे नको,” त्या म्हणाल्या. “कंपनी बुडाली. मी कुठे बुडालेय?”