पाचवी तामसी

"त्या पिना लावून तू माझ्या गाडीत बसणार नाहीस," वरदने बजावलं.

"नको नेऊस. एसटी बंद पडलेली नाही." अनुसूयाबाईंनी पदरावरच्या चारही पिना सरळ केल्या आणि त्या वाडीच्या फाटकाकडे निघाल्या.

पिना तामसीच्या होत्या. तामसी म्हणजे मुलांच्या ॲनिमेशनपटांतली खलनायिका: हे भलंथोरलं नाक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, कमरेला चाव्यांचा जुडगा. दर सिनेमाला तिची एक पिन निघे, शंभरच नग, मागे क्रमांक कोरलेला. पाचवी शेवटची, आणि ती घरपोच मिळणार नव्हती. तामसी काढणारी चित्रकार मांडव्याला जेटीजवळच्या कॅफेत बसून ती स्वतः हातात देणार होती, चारच्या बोटीपर्यंत. बाईंना ती हवीच होती.

"चौलभर हसतात, आई!" वरद मागोमाग आला. "साठी उलटली तुझी. मिरवायचीच तर नायिका मिरव."

"नायिका काय, सगळेच मिरवतात."

"तुझ्या हट्टापायी एक माणूस गेलं घरातून. अजून पोट भरलं नाही?"

बाईंनी फाटक उघडलं. त्यांच्या पिशवीत काहीतरी खडखडलं.

"त्यात काय आहे?"

"वैशाखात विहीर उपसली ना, तेव्हाचा गाळातला डबा," एवढंच म्हणून त्या चालू लागल्या.

अलिबागला एसटी बदलून मांडव्याला पोचेपर्यंत साडेतीन झाले. रांग ही लांबलचक. पुढे उभी होती मृणाल नावाची कॉलेजातली मुलगी, बॅगभर पिनाच पिना. तिने मागे वळून पाहिलं आणि टाळीच वाजवली.

"आजी, काय भारी सजून आलात! कुंकू, चाव्या, सगळं डिट्टो!"

"सजतेय कुठली? मी रोज अशीच असते."

मृणाल खो खो हसली. "मला मात्र तामसीचा जाम राग येतो. त्या बिचाऱ्या नायिकेची रंगपेटी फेकून देते."

"यावाच," बाई म्हणाल्या. "मलाही येतो. पण पिन घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

मृणालला पिन मिळाली आणि लगेच एक कार्यकर्ता आडवा आला. "संपल्या हो! मॅडमची बोट लागलीय."

"बाजूला हो."

"आजी, ऐका जरा..."

"बाजूला हो म्हटलं ना!" चाव्या खणखणल्या. तो मुकाट्याने सरला. त्या आवाजाने टेबलामागे सामान भरणाऱ्या चित्रकाराचे हात थबकले. मान मात्र खालीच होती.

"माझ्यापुरती एकच ठेवलीय," ती सावकाश म्हणाली. "ती कुणाला द्यायची नाही."

"ती घ्यायलाच आलेय मी."

बाईंनी पिशवीतला गंजका डबा टेबलावर ठेवला. झाकण आधीच सैल झालेलं होतं. आत रंगांच्या बारा वड्यांचे खळगे, सगळे गाळाने भरलेले.

चित्रकार त्या डब्याकडे बघत राहिली. मग खिशातून पिन काढून तिने टेबलावर सरकवली.

अनुसूयाबाईंनी ती उचलली, चष्मा पुढे ओढून नीट न्याहाळली आणि चौथीच्या शेजारी पदराला टोचली.

"बाकी सगळं कबूल," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या आईचं नाक एवढं मोठं नाही हं, क्षिप्रा."