चारी बाजूंनी मोठा देश

“तुमच्या देशात आमचं काहीएक काम नाही हो, मॅडम,” लाँड्रीवाला तिसऱ्यांदा म्हणाला. “आम्ही नुसते पलीकडे जाणार. लेकीकडे. बाळंतपणाला.”

काचेमागच्या बाईंनी चष्मा वर सरकवला. बाई वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर भांडता तरी आलं असतं. “काका, मीही तिसऱ्यांदा सांगते. आमचा व्हिसा आमच्या देशात येणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही तर येतच नाही म्हणता.”

“येतो की! पण थांबत नाही.”

“मग जिथं थांबणार, तिथलं पत्र आणा.”

आता आली का पंचाईत! लेक राहत होती तो देश एवढासा. नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा बोटाखाली झाकला जाईल, इतका. तिथं जायला यांना व्हिसाच लागत नव्हता. पासपोर्ट दाखवा आणि या, इतकं सरळ. एजंटाने हे सांगितलं तेव्हा लाँड्रीवाल्याने खूश होऊन अर्ध्या गल्लीला चहा पाजला होता. मग कळलं, त्या देशाला विमानतळ नाही. समुद्रही नाही. चारी बाजूंनी हा मोठा देश, आणि मोठ्या देशात पाऊल टाकायचं तर व्हिसा हवा. पत्रासाठी छोट्या देशाला विचारलं, तर त्यांनी अगदी नम्रपणे कळवलं की तुम्हाला आमचा व्हिसा लागत नाही, त्यामुळे पत्र देण्याचा प्रश्नच येत नाही. घ्या! एक म्हणतो पत्र आणा, दुसरा म्हणतो पत्र कशाला. माणसाने काय उडत जायचं?

शेजारी उभी असलेली त्याची बायको पुढे झाली. काचेला तोंड लावूनच बोलली.

“मॅडम, पहिलं बाळ गेलं तिचं. पोटातच. तेव्हा मी नव्हते तिच्याजवळ. या वेळी म्हणाली, आई, तू ये, बाकी कुणी नको.”

बाईंनी मान खाली घातली. “मला कळतं हो, मावशी. पण मला कळून काय उपयोग? तुमचं कारण खरंच आहे, पण ते आमच्या देशातलं नाही.”

त्यांनी दोन्ही पासपोर्ट काचेखालून परत सरकवले. पुन्हा अर्ज करता येईल म्हणाल्या. त्यासाठीची तारीख बाळंतपण होऊन गेल्यानंतरची होती.

जिन्याशी एजंट उभाच होता. “मी सांगत होतो ना काका? मोठ्या देशात फिरायला चाललोय म्हणायचं, हॉटेलचं बुकिंग दाखवायचं, की काम फत्ते! कोण बघायला येतंय?”

“पोटात एक आणि ओठांत एक, हे मला जमत नाही,” लाँड्रीवाला म्हणाला. “जन्मभर लोकांचे डाग काढले. आता स्वतःला लावून घेऊ?”

एजंटाने कपाळावर हात मारला. बायको जिना उतरू लागली. पण एवढ्या वर्षांच्या संसारात तिला पहिल्यांदाच वाटलं, या माणसाने एकदा, एकदाच खोटं बोलावं.

घरी बॅग भरलेलीच होती. जुन्या मऊ साड्या फाडून तिने दुपटी शिवली होती. लाँड्रीवाल्याने ती स्वतः उकळून, धुऊन, इस्त्री करून दिली होती. दुकानातल्या माणसाला हातही लावू दिला नव्हता. आता तो बॅग माळ्यावर टाकायला निघाला, तर ती म्हणाली, “अहो, असू द्या खालीच.” मग दोघंही त्या बॅगेला वळसा घालून घरात वावरू लागली. दुकानात त्याने एका सदऱ्याची कॉलर जाळली. गिऱ्हाईक वाट्टेल ते बोललं. त्याने निमूट ऐकून घेतलं.

फोन आला तेव्हा ती त्याचा डबा घेऊन दुकानात आली होती. त्याने घाईघाईने स्पीकर लावला.

“आई, कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आलोय.”

“घाबरायचं नाही हं, बाळा. जावई आहेत ना जवळ?”

“गाडी लावायला गेलाय. आई, मला फार भीती वाटतेय गं.”

“काही होत नाही. लांब श्वास घे. सोड. हं, अस्संच.” बोलता बोलता तिचा हात समोरच्या घडी केलेल्या चादरीवरून फिरत होता. पाठीवरून फिरवावा तसा. लाँड्रीवाल्याला ते बघवेना. त्याने तोंड फिरवलं.

“आई, ही नर्स विचारतेय, तुझी आई का नाही आली?”

“सांग तिला, यायला तडफडत होती म्हणावं. पण मोठ्या देशाने येऊच दिलं नाही. पलीकडे आमच्या लेकीचं बाळंतपण आहे, जाऊ द्या, म्हणून तुझे बाबा हात जोडत होते. नाहीच ऐकलं त्यांनी.”

 पलीकडे लेकीला एक कळ येऊन गेली. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“पलीकडे कुठे, आई?” ती म्हणाली. “आमच्या एवढ्याशा देशात बाळंतपणाचा दवाखानाच नाही. सगळ्या बायका पूल ओलांडून इकडे मोठ्या देशातच येतात. माझं नावसुद्धा पहिल्यापासून इथंच घातलंय. बाबांनी सांगितलं नाही का त्यांना, की बाळ त्यांच्याच देशात होणार आहे?”